लाईट आल्यावर दहा मिनिटं

“झाली हो तुमची दहा मिनिटं!” विजयाबाईंनी स्वयंपाकघरातून हाक दिली, तसे आसोलेकर काका खुर्चीतून उठले. आधी फ्रीजची पीन लावली, मग टीव्हीच्या स्टॅबिलायझरची, मग मिक्सरची. स्टॅबिलायझरचा काटा थरथरत दोनशेवीसवर येऊन थांबला, तेव्हा ते “हं” म्हणाले आणि परत खुर्चीत जाऊन बसले. लाईट येऊन तोवर सातच मिनिटं झाली होती. विजयाबाईंची दहा मिनिटं नेहमी सातचीच असत. मिक्सरच्या भांड्यात चटणीचं सामान भरून तयार असलं, तर पाचचीही होत.

ही गोष्ट विजयाबाईंचा आवाज भिंतीपलीकडे ऐकू जायचा तेव्हाची.

विश्वंभर आसोलेकर वसमतच्या एका हायस्कुलात बत्तीस वर्षं लिपिक होते. सगळी नोकरी सरळ रेघेत गेली. त्या रेघेवर डाग पडला तो एकच. मुलांना शैक्षणिक कार्यक्रम दाखवायला शाळेत रंगीत टीव्ही आला होता. तो लाकडी कपाटात कुलपात असायचा आणि किल्ली काकांकडे असायची. एका शनिवारी त्यांनी टीव्हीचं बटण बंद केलं, कपाटाला कुलूप लावलं आणि घरी आले. रविवारी दुपारी विजांचा पाऊस झाला. सोमवारी कपाट उघडलं, तर आतून जळक्या रबराचा वास आला. मुख्याध्यापक अमृतराव शिस्तीचे होते, पण आरडाओरडा करणारे नव्हते. सगळ्या शिक्षकांसमोर एवढंच म्हणाले, “विश्वंभरराव, एक पीन काढता आली नाही तुम्हाला?”

मेमो नाही, चौकशी नाही. पण काही माणसं मेमो पचवतात, वाक्य त्यांच्या पचनी पडत नाही. काका त्या दिवशी जेवले नाहीत. विजयाबाईंना सांगत बसले, “बटण बंद केलं म्हणजे बंद झालं असं नसतं. बटण एकच तार तोडतं. पीन बाहेर काढली तरच वस्तू खरी सुटते.”

तेव्हापासून घरात कायदा लागू झाला. वापर नसेल तेव्हा प्रत्येक वस्तूची पीन बोर्डाच्या बाहेर. आभाळ आलं की टीव्हीची केबलसुद्धा मागून उपटायची. लाईट गेली की सगळ्या पिना काढायच्या, आणि आल्यावर दहा मिनिटं कशालाही हात लावायचा नाही, कारण पहिला झटका सगळ्यात वाईट. एकदा महाशिवरात्रीला दोघं औंढ्याला निघाले होते. बस स्टँडवरून सुटायला आली आणि काकांना फ्रीजच्या पिनेची शंका आली. ते खाली उतरले. विजयाबाई खिडकीतून म्हणाल्या, “नागनाथाला काय सांगू? यजमान फ्रीजकडे गेले म्हणून?” मग त्याही उतरल्या आणि बस गेली. दुसऱ्या बसनं दोघं गेले तेव्हा दर्शनाची रांग दुप्पट झाली होती. पीन तर आधीच काढलेली निघाली होती.

गल्लीत त्यांचं नाव ‘पिनवाले काका’ पडलं. शेजारची जिवनबाई अंगणात पापड घालताना कुंपणावरून ओरडायची, “काका, पिना काढल्या व्हय? मंग मी पापड उचलते बापा!” काका हसायचे नाहीत. त्यांना यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

मग एका वर्षी कोपऱ्यावरच्या डीपीवर न्यूट्रलची तार तुटली आणि घराघरांत दुप्पट दाबानं वीज शिरली. गल्लीतले अकरा टीव्ही, चार फ्रीज आणि एक कॉम्प्युटर जळाला. शाबूत राहिलं ते आसोलेकरांचं घर. त्यांचा जाड पाठीचा टीव्ही त्या दिवशी बंद होता आणि त्याची पीन खुंटीवर टांगलेली होती, फ्रीजचीही काढलेली होती. त्यानंतर कुणी हसलं नाही. आभाळ आलं की लोक काकांच्या खिडकीकडे बघू लागले. निवृत्त लिपिकाच्या वाट्याला जेवढा मान येऊ शकतो, तेवढा काकांना या पिनांनी दिला, आणि खरं सांगायचं तर तो त्यांना आवडला.

चार वर्षांपूर्वी विजयाबाईंना मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आलं तरी धाप लागू लागली. नांदेडच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला. फुप्फुसं आतून कडक होत चालली होती. औषधानं वेग कमी होईल, मागं फिरणार नाही, असं ते म्हणाले. पहिल्या वर्षी फक्त झोपताना ऑक्सिजन लागायचा. तिसऱ्या वर्षी जेवतानाही लागू लागला. मग दिवसभर.

पहिल्याच वर्षी नांदेडहून एक जुनं मशीन आणलं होतं. हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं नाकात सोडणारं, मोठ्या डब्याएवढं, खाली चाकं असलेलं. आणून देणाऱ्या मेकॅनिकनं सांगितलं, “काका, आतलं सर्किटचं कार्ड तेवढं सांभाळा. ते जळालं तर मिळायचं न्हाई, कंपनीनं हे मॉडेलच बंद केलंय. झटक्यापासून जपलं तर दहा वर्षं बघायचं काम न्हाई.”

हे दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर एका कानानं ऐकून त्यानं दुसऱ्या कानानं सोडून दिलं असतं. हे मेकॅनिकनं आसोलेकर काकांना सांगितलं.

मुलगी अनुश्री कळमनुरीला शाळेत शिक्षिका. ती म्हणाली, “बाबा, नवीनच घेऊ ना.” काका म्हणाले, “नव्या वस्तूचा काय भरवसा? जुनी वस्तू जपली की टिकते. आपल्या घरात काय जळालंय आजवर?” तिनं विषय सोडून दिला. खरंच काही जळालं नव्हतं.

मशीनसाठी वेगळा स्टॅबिलायझर आला, वेगळा बोर्ड बसला. लाईट गेली की काका मशीनची पीन काढायचे आणि विजयाबाईंना सिलिंडरची नळी लावायचे. लाईट आली की दहा मिनिटं मोजून मशीन सुरू करायचे. ती दहा मिनिटं नाकाशी सिलिंडर असायचा, त्यामुळे अडायचं काही नाही. विजयाबाईंचा आवाज आता स्वयंपाकघरापर्यंतही पोचत नव्हता, तरी त्यांनी आपलं काम सोडलं नव्हतं. सातव्या मिनिटाला त्या पलंगाच्या लोखंडी दांडीवर बांगडी वाजवायच्या. टण्. म्हणजे झाली. काका घड्याळाकडे न बघता उठायचे. आपल्याला रोज तीन मिनिटांनी फसवलं जातंय हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झालेल्या माणसाला एवढं फसायला जमतं.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी बारा वाजता वारं सुटलं. समोरच्या गोदामावरचे पत्रे कागदासारखे उडाले, परभणी रस्त्याला खांब आडवे झाले आणि लाईट गेली. काकांनी सगळ्या पिना काढल्या. विजयाबाईंना सिलिंडर लावला. दुसरा सिलिंडर भरून आणायला गल्लीतला धर्मसिंग आपला टेम्पो घेऊन सकाळीच नांदेडला गेला होता. हातातला सिलिंडर साडेचार-पाच तास पुरेल, तोवर धर्मसिंग येईल, असा हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता.

तीन वाजता धर्मसिंगचा फोन आला. “काका, निघालो मी. पन रस्त्यात झाड पडलंय, जेसीबी लावून राहिले. तास-दीड तास लागंल. काकूला सांगा, टेन्शन नका घेऊ.”

काकांनी ऑक्सिजनचा वेग थोडा कमी केला, म्हणजे सिलिंडर जास्त पुरेल. पुठ्ठ्यानं वारा घालत बसले. साडेचारला जिवनबाई आली. विजयाबाईंच्या ओठांकडे पाहून तिनं काकांना दाराशी बोलावलं.

“काका, दवाखान्यात न्यायचं का? माझं पोरगं गाडी काढतंय.”

विजयाबाईंनी आतून मान हलवली. मागच्या वर्षी त्या अकरा दिवस दवाखान्यात काढून आल्या होत्या आणि परत तिथं जायचं नाही असं वदवून घेतलं होतं. “इथंच,” त्या म्हणाल्या.

“धर्मसिंग येतोच आहे,” काका म्हणाले. “आणि लाईट पण येईल आता.”

पाच वाजून पाच मिनिटांनी सिलिंडरचा काटा शून्यावर टेकला. काकांनी तो हलवून पाहिला, बोटानं टिचकी मारली. धर्मसिंगला फोन लावला, तो लागला नाही. विजयाबाई उशीला टेकून, तोंड उघडं ठेवून श्वास ओढत होत्या. प्रत्येक श्वासाला गळ्याजवळ खड्डा पडत होता. काकांनी देवाचं नाव घेतलं, महावितरणचं नाव घेतलं, आणि दोघांनाही हात जोडले.

पाच बावीसला लाईट आली.

बाहेर पोरांनी एकच गिल्ला केला. पलंगावरचा बल्ब भसकन पेटला, पांढराफट्ट झाला, विझल्यासारखा झाला, पुन्हा पेटला. काकांचा हात पिनेकडे गेला. खरंच गेला. पीन हातात घेतली, बोर्डाजवळ नेली आणि वीतभर अंतरावर हात थांबला. बल्ब अजून नाचत होता.

“लावा,” विजयाबाई म्हणाल्या. आवाज नव्हता, ओठ हलले. हात उचलून त्यांनी बोर्डाकडे बोट केलं.

“थांब गं. दहाच मिनिटं. व्होल्टेज बघ कसं होतंय. कार्ड गेलं तर रात्रभर काय लावू तुला?”

ते पलंगावर बसले. तिचा हात हातात घेतला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. एरवी तीन मिनिटं इकडेतिकडे चालून गेली असती, कारण एरवी फक्त टीव्ही असायचा, मिक्सर असायचा. आज तिचा श्वास या मशीनवर होता. आज एक मिनिटही कमी करायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं. इतक्या काळजीनं त्यांनी आयुष्यात काही केलं नसेल.

चौथ्या मिनिटाला विजयाबाईंनी हात सोडवून घेतला आणि दांडीवर बांगडी वाजवली. टण्.

काकांना हसू आलं. एवढ्या त्रासातही ही फसवायला बघते. “अगं, चारच झालीत,” ते म्हणाले.

बांगडी पुन्हा वाजली नाही. सहाव्या-सातव्या मिनिटाला छातीची घरघर कमी झाली, तेव्हा काकांना बरं वाटलं. तिला जरा आराम पडला, असं वाटलं. बल्बही आता शांत झाला होता. दहा मिनिटं पूर्ण झाली तसे ते उठले, पीन लावली, बटण दाबलं. काटा दोनशेवीसवर आला. मशीननं नेहमीसारखा हुंकार दिला, बाटलीतलं पाणी बुडबुडू लागलं. काकांनी नळी नाकाला लावली, कानामागून नीट घेतली.

“झाली बघ,” ते म्हणाले.

मशीन उत्तम चालत होतं. त्याला काहीही झालं नव्हतं. नळीतून हवा येत होती आणि विजयाबाईंना ती नको होती.

धर्मसिंग भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन आला तेव्हा सहा वाजत आले होते. तो दारातच थांबला आणि सिलिंडर तसाच खांद्यावर धरून उभा राहिला. डॉक्टर आले, डोळे पाहिले, काकांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “तुम्ही खूप केलंत. आज ना उद्या हे व्हायचंच होतं.” काकांनी त्यांना दहा मिनिटांचं सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारलंही नाही.

सात वाजता अनुश्री आली. खूप रडली. मग आईच्या पायाशी बसून, बाबांकडे न बघता तिनं विचारलं, “लाईट कधी आली होती?”

“साडेपाचच्या आसपास.”

“आल्याबरोबर लावली ना पीन?”

“लावली,” काका म्हणाले.

बत्तीस वर्षांत त्यांनी शाळेच्या एका दाखल्यावर खोटी तारीख घातली नव्हती. पालक घरी येऊन पाया पडले तरी घातली नव्हती.

त्याच संध्याकाळी लाईट आल्याआल्या जिवनबाईच्या पोराचा नवा टीव्ही जळाला होता. दहा दिवस भेटायला येणारे तेच बोलत होते. “काकांचंच खरं आहे. पहिला झटका वाईट.” जिवनबाई येईल त्याला सांगायची, “काकानं मशीन कसं लेकरावानी जपलं. शेवटपत्तोर चालू होतं बिचारं.” लोक माना डोलवायचे. काका प्रत्येक वेळी जमिनीकडे पाहायचे. लोकांना वाटे, माणूस दुःखात आहे. तो दुःखात होताच, पण लोकांना वाटत होतं त्या दुःखात नव्हता.

मशीन लगेच लावलं असतं तर कदाचित जळालं असतं. जिवनबाईचा टीव्ही जळालाच. पण जळण्याआधी दोन श्वास तरी दिले असते. आणि कदाचित जळालंही नसतं. काका हा हिशेब रोज करत आणि रोज तो तिथंच येऊन थांबे. अमृतराव गेल्याला बारा वर्षं झाली होती, पण त्यांचा आवाज आता जेवताना, अंघोळ करताना कानात यायचा. एक पीन लावता आली नाही तुम्हाला?

त्यांनी पिना काढणं सोडून दिलं. टीव्ही बंद असायचा, पण त्याचा लाल दिवा दिवसरात्र जळत राहायचा. आल्यागेल्याच्या ते लक्षातही आलं नाही. अनुश्रीच्या आलं. तिला वाटलं, बाबा खचले.

तेरावं होऊन गेलं. दोन दिवसांनी अनुश्री परत जायला निघाली होती, तेव्हा दारात पस्तिशीचा एक माणूस येऊन उभा राहिला. चप्पल बाहेरच काढून म्हणाला, “जय भीम काका. मी भीमराज, शिरड शहापूरचा. नांदेडच्या मशीनवाल्यानं तुमचा पत्ता दिला. मायला मशीन पायजे होतं.”

काकांनी त्याला खुर्चीत बसवलं. अनुश्री चहा करायला आत गेली. भीमराजची आई लक्ष्मीबाई. वीस वर्षं हळदीला पॉलिश करायच्या कामावर होती, आता चार पावलं चाललं तरी बसते, डॉक्टरनं घरी ऑक्सिजन ठेवा म्हणून सांगितलंय, हे त्यानं एका दमात सांगितलं.

“घेऊन जा,” काका म्हणाले. “परत आणू नका. स्टॅबिलायझर पण न्या.”

मग ते पलंगाजवळ खाली बसले आणि मशीन दाखवू लागले. शाळेत नव्या शिपायाला कपाटं दाखवायचे तसंच. “ही जाळी आठवड्याला धुवायची, वाळली की लावायची. बाटलीत दुकानातून आणलेलं शुद्ध पाणी, नळाचं नाही. नळी दोन महिन्यांनी बदला. मशीन भिंतीपासून हातभर लांब ठेवा, त्याला हवा लागते.” भीमराज मोबाईलवर सगळं टिपून घेत होता.

“आन् लाईटचं कसं करू काका? आमच्याकडं लाईट लई तकलीफ देती. येती अन् जाती, येती अन् जाती. मशीनवाला म्हणला, काकाला इचारा. त्यायनी चार वर्षांत कार्डाला धक्का लागू दिला न्हाई. लाईट आल्यावर तुमी थोडा टाइम थांबत होते म्हणं. किती थांबायचं?”

काकांनी मशीनची पीन हातात घेतली होती. तिच्या तिन्ही पितळी दांड्या चकचकीत होत्या. दर महिन्याला ते पुसत असत.

“लाईट गेली की पीन काढा,” ते म्हणाले. “सिलिंडर लावा. सिलिंडर कधीही एकच ठेवू नका.”

“बराबर. आन् आल्यावर?”

“आल्यावर लगेच लावा.”

“लगेच?” भीमराजनं वर पाहिलं. “पन पहिला झटका...”

“लगेच. घड्याळाकडे बघायचं नाही. आई म्हणाली लाव, की लावायची.”

“आवो पन जळंल की मशीन!”

“जळालं तर जळू द्या!” काकांचा आवाज इतका चढला की स्वयंपाकघरातली कपबशीची किणकिण थांबली. “मशीन आहे ते. जळालं तर दुसरं शोधू. मला फोन करा, मी शोधतो, मी नांदेडला जातो. पण थांबू नका. मी थांबलो होतो. सिलिंडर संपला होता, लाईट आली होती, पीन माझ्या हातात होती, आणि मी दहा मिनिटं थांबलो. ती समोर होती. लावा म्हणत होती.”

भीमराजनं मोबाईल खिशात ठेवला. खाली वाकून काकांच्या पायाला हात लावला आणि मशीन उचललं. अनुश्री चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं त्याला जायला वाट दिली. चहा कुणी घेतला नाही. बाहेर रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला.

अनुश्रीनं ट्रे टेबलावर ठेवला.

“तुम्ही म्हणालात, लगेच लावली.”

“म्हणालो होतो.”

तिनं पलंगाच्या दांडीकडे पाहिलं. लहानपणी तिनंही हजार वेळा ऐकली होती ती हाक. “आईनं बांगडी नाही वाजवली?”

“वाजवली.”

“मग?”

“चारच मिनिटं झाली होती,” काका म्हणाले.

अनुश्रीनं तोंडावर पदर दाबला. ती रडली नाही, ओरडलीही नाही. दोन्हीपैकी काही केलं असतं तर काकांना चाललं असतं. तिनं आपली पिशवी भरली, आईच्या फोटोला नमस्कार केला, आणि “भात झाकून ठेवलाय” एवढंच म्हणून चारच्या बसला गेली. वाकून नमस्कार करायची तिची पद्धत होती. आज तिनं केला नाही, आणि काकांनीही तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला नव्हता.

सहाच्या सुमारास आभाळ भरून आलं. कुंपणावरून जिवनबाईनं आवाज दिला, “काका, पिना काढल्या का हो? औंढ्याकडून लई काळं आलंय!”

काका उठले. का उठले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. फ्रीजची पीन काढली, मिक्सरची काढली, टीव्हीची काढून खुंटीवर टांगली. लाल दिवा विझला. मशीनचा बोर्ड भिंतीवर मोकळाच होता. त्याच्याकडे पाहून त्यांनी पलंगावरचा बल्बही बंद केला आणि आपल्या खुर्चीत येऊन बसले. थोड्या वेळानं लाईट गेली. पाऊस आला नाही, नुसता वारा आला आणि धूळ आली.

साडेसहाला लाईट आली. पोरं ओरडली. काकांनी सवयीनं घड्याळाकडे पाहिलं आणि मग नजर काढून घेतली. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. गल्लीत एकेक टीव्ही सुरू झाला, कुणाची तरी मोटार पाणी ओढू लागली, जिवनबाईच्या घरातून मिक्सरचा आवाज आला आणि बंद झाला.

भाकरी द्यायला म्हणून जिवनबाई ताट घेऊन आली तेव्हा घरात अंधार होता. तिनं दाराजवळचं बटण दाबलं. काका हात मांडीवर ठेवून सरळ बसले होते. पिना सगळ्या लोंबकळत होत्या.

“काका, लाईट आली की कवाची! अंधारात काहून बसले?”

“अजून कुणी ‘झाली’ म्हणालं नाही,” काका म्हणाले.

जिवनबाईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. लाईट येऊन पाऊण तास झाला होता.